उत्क्रांतीला शेवटच्या प्रकरणात ठेवू नका

पदवीच्या पहिल्या वर्षाचे जीवशास्त्र ज्या क्रमाने शिकवले जाते, तो क्रम नागपुरातील आम्हा शिक्षकांच्या इतका अंगवळणी पडला आहे की त्याबद्दल काही बोलण्यासारखे आहे असे कुणाला वाटतच नाही. आधी जैवरेणू, मग पेशी आणि तिची अंगके, मग चयापचय, पुढे पेशीविभाजन आणि आनुवंशिकता, आणि हे सगळे उरकल्यावर, सत्र संपत आलेले असताना, प्रात्यक्षिकाच्या वह्यांवर सह्या घेण्याची धावपळ सुरू झाल्यावर उरलेल्या तासिकांत उत्क्रांती. डार्विन, जिराफाची मान, फिंच पक्ष्यांच्या चोची, एखादी टीप लिहा, आणि विषय संपला. हा क्रम केवळ सोयीचा प्रश्न नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. पेशीच्या रसायनापासून उत्क्रांती तोडून शिकवल्यामुळे विद्यार्थ्याला दोन्हींपैकी एकही नीट कळत नाही, आणि त्याची किंमत महाविद्यालयाच्या भिंतींबाहेर, आपल्याच शेतांत आणि आपल्याच दवाखान्यांत मोजावी लागते.

गुलाबी बोंडअळीपासून सुरुवात करतो, कारण विदर्भात याहून जवळचे उदाहरण सापडणार नाही. वर्धा मार्गावर केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. काटोल, सावनेर, हिंगणघाट या भागांतून शिकायला येणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या घरी पऱ्हाटी, म्हणजे कापसाचे पीक, असते. बीटी कापसाला, म्हणजे अळीला मारणारे जिवाणूचे जनुक घातलेल्या कापसाला, भारतात 2002 मध्ये परवानगी मिळाली, तेव्हा त्यात क्राय1एसी हे एकच विषारी प्रथिन होते. 2006 मध्ये क्राय2एबी या दुसऱ्या प्रथिनाची जोड असलेले वाण आले. गुजरातेतील काही जिल्ह्यांत गुलाबी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नाही, हे 2010 मध्ये जाहीर झाले. पुढच्या काही वर्षांत दुसऱ्या प्रथिनाचाही प्रभाव ओसरला, आणि 2017 च्या हंगामात विदर्भातील शेतकऱ्याने वरून धडधाकट दिसणारे हिरवे बोंड उकलून पाहिले तेव्हा आत गुलाबी अळी, कुरतडलेली सरकी आणि पिवळी पडलेली रुई निघाली. लहान अळी बोंडात शिरते ते छिद्र नंतर बुजून जाते, त्यामुळे बाहेरून काही कळत नाही. फुलांचेही तसेच. पाकळ्या अळीच्या धाग्याने एकमेकींना चिकटून फूल उमलतच नाही, आणि अशा डोमकळ्या दिसू लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

आता या अळीच्या आतड्यात काय घडते ते पाहू, कारण पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातील निम्मा भाग तिथे एका जागी सापडतो. मातीतील एका जिवाणूचे जनुक कापसात घातलेले असते, त्यामुळे कापसाची पेशी आपल्या रायबोझोमवर त्या जिवाणूचे प्रथिन बनवते. जनुकीय संकेत सर्व सजीवांत जवळजवळ एकच नसता तर हे शक्यच झाले नसते. पान किंवा सरकी खाल्ली की ते प्रथिन अळीच्या मध्यांत्रात जाते. तिथले द्रव अल्कधर्मी असते, तिथली विकरे (एन्झाइम) प्रथिनाचा काही भाग छाटून त्याला कार्यक्षम करतात, मग ते आतड्याच्या पेशींच्या पटलावर असलेल्या कॅडहेरिन या प्रथिनाला चिकटते. पटलाला छिद्रे पडतात, आयनांचा तोल ढळतो, पाणी आत शिरते, पेशी फुगून फुटते आणि अळी मरते. परंतु लाखो अळ्यांमध्ये एखादीच्या कॅडहेरिनच्या जनुकात बदल झालेला असतो. तिच्या पेशींच्या पटलावर विषाला चिकटायला जागाच राहत नाही. बीटी नसलेल्या शेतात या अळीला विशेष फायदा नसतो. जिथे नजर पोहोचेल तिथवर बीटी कापूस असेल, तिथे मात्र बाकीच्या मरतात आणि हिची पिलावळ उरते. कुठल्याही अळीने विषाची सवय करून घेतलेली नाही आणि कुणी प्रयत्नपूर्वक बदललेले नाही. जे थोडे आधीपासून वेगळे होते तेच शिल्लक राहिले. विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांत मात्र ‘अळीने विषाशी जुळवून घेतले’ हे वाक्य वर्षानुवर्षे येत आहे, आणि त्याला गुणही मिळत आहेत.

या चुकीच्या समजुतीचे व्यावहारिक परिणाम होतात, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. बीटी बियाण्याच्या पाकिटासोबत नॉन-बीटी बियाण्याची छोटी पुडी यायची, तिला गावात रेफ्युजी म्हणतात. शेताच्या कडेने हे बियाणे लावावे असा नियम होता. बहुतेक पुड्या बांधावर फेकल्या गेल्या, आणि शेतकऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण अळीला खायला आपणच कापूस का लावायचा याचे पटण्याजोगे कारण त्याला कुणी सांगितले होते? कारण असे आहे की प्रतिकाराचा गुण सहसा अप्रभावी असतो, म्हणजे जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेल्या असल्या तरच तो दिसतो. दोन प्रतिकारक्षम पतंगांचा संकर झाला तर सगळी पिढी प्रतिकारक्षम निघते, पण कडेच्या नॉन-बीटी ओळींवर वाढलेले साधे पतंग भरपूर असतील तर प्रतिकारक्षम पतंगाची गाठ त्यांच्याशीच पडण्याची शक्यता जास्त, आणि त्यांची विषमयुग्मजी, म्हणजे बदललेल्या जनुकाची एकच प्रत असलेली, पिढी बीटी बोंडात मरते. मेंडेलचा नियम आणि नैसर्गिक निवड यांची ही सांगड आहे. त्याउलट आपल्याकडे बीटी कापूस संकरित वाणांच्या रूपात आला, ज्यांच्या बोंडातील सरकीच्या दाण्यांत मेंडेलच्याच नियमाने काहींत विष उतरते, काहींत उतरत नाही, आणि गुलाबी बोंडअळी तर सरकीच खाते, म्हणजे एकाच बोंडात तिला कमी-अधिक मात्रा मिळत राहते. त्यात फरदड. कापूस फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभा ठेवला की अळीची साखळी तुटतच नाही.

हीच अळी, हेच प्रथिन, पण परिणाम सगळीकडे सारखा झालेला नाही. अमेरिकेत बीटी कापूस 1996 पासून आहे. तिथे नॉन-बीटी कापसाचे पट्टे राखले गेले, पुढे वंध्य पतंग सोडण्याची मोहीम झाली, आणि 2018 मध्ये त्या देशातून गुलाबी बोंडअळीचे उच्चाटन झाल्याचे जाहीर करण्यात आले. चीनमध्ये अनेक शेतकऱ्यांनी संकरित बियाण्याची दुसरी पिढी पेरली, तिच्यात बीटी आणि नॉन-बीटी झाडे आपोआप मिसळलेली होती, आणि तिथे प्रतिकारक्षमतेला खीळ बसली. तिन्ही देशांतील फरक बियाण्याची रचना, कायदा आणि शेतीची पद्धत या सगळ्यांतून आला आहे, हे मला मान्य आहे. तरीही आपल्या कृषी केंद्रांत, कृषी सहायकांत, गावच्या शाळांत जे लोक आहेत त्यांच्यापैकी पुष्कळ जण आपल्याच महाविद्यालयांतून जीवशास्त्र शिकून गेलेले आहेत. पटलावरील ग्राहक, म्हणजे कॅडहेरिनसारखे बाहेरचा रेणू जिथे चिकटतो ते प्रथिन, त्यांनी पहिल्या सत्रात वाचले होते, मेंडेल दुसऱ्या सत्रात, आणि नैसर्गिक निवड अगदी शेवटी, घाईत. हे तिन्ही धडे एकाच अळीच्या पोटात एकत्र येतात, ही गोष्ट त्यांना वर्गात कधी दाखवलीच गेली नाही.

चयापचयाच्या प्रकरणाचेही उत्क्रांतीवाचून असेच हाल होतात. ग्लायकोलायसिसच्या, म्हणजे साखरेच्या विघटनाच्या, दहा पायऱ्या, विकरांची नावे, पेशीचे ऊर्जेचे चलन असलेला एटीपी कुठे खर्च होतो, कुठे मिळतो, हे मुले रात्र रात्र जागून पाठ करतात आणि परीक्षेनंतर आठवडाभरात विसरतात. त्यांना दोष देऊ नये, कारण हा तपशील असा का आहे ते आपण सांगत नाही. साखरेचे हे विघटन पेशीद्रवात होते, त्याला ऑक्सिजन लागत नाही आणि त्यातून निव्वळ दोनच एटीपी मिळतात. हे इतक्या तुटपुंज्या मिळकतीचे काम जिवाणूपासून माणसापर्यंत जवळजवळ सर्वांनी जपून का ठेवले आहे? कारण ही वाट अतिप्राचीन आहे. पृथ्वीच्या हवेत मुक्त ऑक्सिजन लक्षणीय प्रमाणात जमू लागला तो सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी, आणि सजीव त्याच्या कितीतरी आधीपासून होते. ऑक्सिजन वापरणारी कार्यक्षम व्यवस्था नंतर आली आणि जुन्या वाटेच्या टोकाला जोडली गेली. हे एकदा सांगितले की ग्लायकोलायसिस पेशीद्रवात आणि या नव्या व्यवस्थेतले क्रेब्ज चक्र तंतुकणिकेत (मायटोकॉन्ड्रियात) का, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

तंतुकणिकेचेच पाहा. तिला दोन पटले असतात, तिचा स्वतःचा वर्तुळाकार डीएनए असतो, माणसात त्यावर फक्त 37 जनुके उरली आहेत, आणि तिचे रायबोझोम जिवाणूंच्या रायबोझोमशी नाते सांगतात. एके काळी स्वतंत्रपणे जगणारा जिवाणू दुसऱ्या पेशीत राहू लागला आणि तिथलाच झाला, हे लिन मार्ग्युलिस यांनी 1967 मध्ये ठामपणे मांडले तेव्हा अनेकांना पटले नव्हते. आज तो पाठ्यपुस्तकातला सर्वमान्य भाग आहे. आपण तो ‘अंतःसहजीवन सिद्धांत, दोन गुण’ एवढ्यावर आटोपतो. वास्तविक तो थेट औषधालयापर्यंत पोहोचतो. नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर लिनेझोलिड देतात. ते जिवाणूच्या रायबोझोमचे काम थांबवते, पण दीर्घकाळ घेतल्यास आपल्या तंतुकणिकांच्या रायबोझोमलाही बाधते, आणि मग रक्तपेशी घटणे, हातापायांच्या नसांना इजा होणे, रक्तात लॅक्टिक आम्ल साचणे असे त्रास उद्भवतात. अब्जावधी वर्षांपूर्वीचे नाते आजच्या रुग्णाच्या रक्ततपासणीत दिसते. हे ऐकलेला विद्यार्थी तंतुकणिकेला केवळ पेशीचे ऊर्जाकेंद्र म्हणून थांबणार नाही.

वनस्पतींच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. प्रकाशसंश्लेषणात कार्बन डायऑक्साइड पकडणारे रुबिस्को हे विकर अनेकदा चुकून ऑक्सिजनच पकडते आणि झाडाचे नुकसान करून घेते. ऑक्सिजन नगण्य असलेल्या हवेत ते घडले, त्या काळी ही चूक महागात पडत नव्हती. ज्वारीने त्यावर सी-4 नावाची वेगळी व्यवस्था उभी केली, धान, कापूस, सोयाबीन यांच्याकडे ती नाही. उष्ण आणि कोरड्या हवेत ज्वारी का तग धरते हे विदर्भातल्या मुलाला शिकवण्यासाठी याहून चांगला दुवा कोणता असेल?

परंतु माझ्या म्हणण्याचा सर्वांत महत्त्वाचा आधार सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. मध्य भारतातील सिकलसेल वाहकांविषयी शुक्ला आणि सोलंकी यांची नोंद ‘द लॅन्सेट’मध्ये 1958 साली प्रसिद्ध झाली, आणि तेव्हापासून हा आजार विदर्भाच्या वैद्यकाचा अटळ भाग आहे. गोंड, माडिया, परधान या आदिवासी समाजांत तो आहे, आणि आदिवासी नसलेल्या अनेक समाजांतही आहे. अकराव्या गुणसूत्रावरील बीटा-ग्लोबिनच्या जनुकात एक अक्षर बदलते, त्यामुळे साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. ऑक्सिजन सोडून दिलेल्या अवस्थेत हे व्हॅलिन शेजारच्या हिमोग्लोबिनच्या खाचेत अडकते, रेणूंचे लांब दोर तयार होतात, लाल पेशी विळ्याच्या आकाराची आणि ताठर होते, बारीक रक्तवाहिन्या तुंबतात आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी लाल पेशी सुमारे 120 दिवस जगते, ही जेमतेम दोन-तीन आठवडे.

इथे चयापचय पुन्हा येते. आपल्या लाल पेशीत तंतुकणिका नसते, तिची सारी भिस्त ग्लायकोलायसिसवर असते. त्याच वाटेच्या एका फाट्यावर 2,3-बीपीजी नावाचा रेणू तयार होतो, जो हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल करतो. निरोगी माणसाला तो उपकारक आहे. सिकलसेलच्या रुग्णात त्याचे प्रमाण वाढलेले असते, ऑक्सिजन अधिक सुटतो आणि पेशी विळ्याच्या आकाराची होण्याला हातभारच लागतो. म्हणूनच ग्लायकोलायसिसच्या शेवटच्या पायरीवरील विकराला चेतवून हा रेणू कमी करणारी औषधे शोधण्याचे काम सुरू आहे. ज्या पायऱ्या आपण कोऱ्या कागदावर लिहून घेतो त्या या शहरातल्या कुठल्यातरी वॉर्डात वेदनेने कळवळणाऱ्या मुलाच्या रक्तात चाललेल्या असतात, हे पहिल्या वर्षाच्या वर्गात सांगायचे नाही तर कुठे सांगायचे?

आणि मग खरा प्रश्न येतो: इतके घातक जनुक टिकले कसे? त्याचे उत्तर फक्त उत्क्रांती देऊ शकते. अँथनी अ‍ॅलिसन यांनी 1954 मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवले की ज्यांच्याकडे या जनुकाची एकच प्रत असते, अशा वाहकांना फाल्सिपेरम मलेरियाच्या जीवघेण्या स्वरूपापासून बऱ्यापैकी संरक्षण मिळते. जिथे मलेरियाने पिढ्यान्पिढ्या मुले दगावत होती, तिथे वाहक मुले वाचली आणि त्यांच्याबरोबर जनुकही वाचले. महाराष्ट्रातील मलेरियाचा मोठा भार आजही गडचिरोलीवर आहे, हे सांगितल्यावर विद्यार्थ्याला नकाशा वेगळा दिसू लागतो.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाची घोषणा 1 जुलै 2023 रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे झाली आणि 2047 पर्यंतचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. तपासणी, समुपदेशन, हायड्रॉक्सियुरियासारखी औषधे हे सगळे हवेच. परंतु तपासणीचा कागद हातात पडल्यावर गावात काय होते ते पाहिलेल्या कुणालाही माहीत आहे की वाहक म्हणजे आजारी, आजारी म्हणजे रक्तात खोट, आणि मुलीच्या बाबतीत तर लग्न मोडण्याचे कारण, अशी साखळी झपाट्याने तयार होते. मग लोक कागद लपवतात, आणि दोन वाहकांचे लग्न न कळता होते, ज्यात प्रत्येक गर्भधारणेच्या वेळी मूल आजारी असण्याची शक्यता एक चतुर्थांश असते. हे जनुक म्हणजे कुठल्याही जातीजमातीची खोट नाही, आपल्या पूर्वजांना मलेरियाच्या प्रदेशात ज्याने जगवले त्याचाच हा दुसरा पदर आहे, हे जो समजावून सांगू शकतो तोच समुपदेशक लोकांचा विश्वास मिळवतो. आनुवंशिकतेचा तक्ता शक्यता सांगतो. हे असे का, या प्रश्नाचे उत्तर त्या तक्त्यात नाही, आणि उत्तर मिळाले नाही की ती जागा लाज भरून काढते.

विरोधी मुद्दे आहेत आणि ते मी हलके मानत नाही. सहकारी म्हणतात की रेणू आणि पेशी आल्याशिवाय उत्क्रांती समजणार नाही, पाया आधी घालायला हवा. त्यांचे म्हणणे लोकसंख्या-आनुवंशिकीच्या गणितापुरते खरे आहे. नैसर्गिक निवडीची मूळ कल्पना मात्र दहावीच्या मुलालाही कळते, आणि महाराष्ट्राच्या राज्य मंडळाने ती दहावीच्या विज्ञानात ठेवली आहे. एनसीईआरटीने 2023 मध्ये दहावीच्या पाठ्यपुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, तेव्हा देशभरातील शास्त्रज्ञांनी जाहीर पत्राद्वारे विरोध केला. तो रास्त होता. पण वगळणे आणि शेवटच्या आठवड्यात उरकणे यांत विद्यार्थ्याच्या दृष्टीने किती अंतर राहते, याचा विचार आपण महाविद्यालयीन शिक्षकांनीही करायला हवा.

दुसरा मुद्दा परीक्षेचा. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या 720 गुणांपैकी 360 जीवशास्त्राचे असतात आणि पर्याय निवडायचा असतो, त्यामुळे अकरावी-बारावीत पाठांतराची जी सवय लागते ती घेऊनच मूल आमच्याकडे येते. ही सवय मोडायला वेळ लागतो, हे कबूल. म्हणूनच पहिल्या महिन्यातच ती मोडली पाहिजे, शेवटच्या महिन्यात मोडून उपयोग नाही. श्रद्धेला धक्का लागेल अशी भीतीही काही जण हळू आवाजात बोलून दाखवतात. विदर्भातील घरांनी सिकलसेल आणि बोंडअळी दोन्ही सोसले आहेत. त्यामागचे कारण समजून घ्यायला त्या घरांतील मुले घाबरतील असे मला कधीच दिसलेले नाही.

जीवाश्मांसाठीही लांब जावे लागत नाही. ज्यांच्या नावाचे महाविद्यालय शहरात आहे त्या स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नागपूर परिसरातील जीवाश्म गोळा केले. चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या पिसदुरा येथे डायनोसॉरच्या विष्ठेचे जीवाश्म सापडतात, आणि त्यांत गवताचे सूक्ष्म सिलिकाकण मिळाल्याचे संशोधन 2005 मध्ये प्रसिद्ध झाल्यावर गवते डायनोसॉरांच्या काळीही होती हे जगाला मान्य करावे लागले. शैक्षणिक सहलीला पचमढीला जाणाऱ्या बसेस एकदा पिसदुऱ्याकडे वळवाव्यात, एवढेच इथे म्हणतो.

अभ्यास मंडळाकडे माझी मागणी मोठी नाही. एकही पान वाढवू नये. उत्क्रांतीच्या तासिकांपैकी निम्म्या पहिल्या सत्राच्या आरंभी घ्याव्यात, उरलेल्या पेशी, चयापचय आणि आनुवंशिकता या प्रत्येक घटकाच्या शेवटी वाटून द्याव्यात. प्रात्यक्षिकात कांद्याच्या सालीच्या जोडीला बोंडअळी लागलेले बोंड उकलून पाहण्याचे काम असावे. ऑक्टोबरपासून अशी बोंडे कुठल्याही तालुक्यातून आणता येतील. प्रश्नपत्रिकेत ‘ग्लायकोलायसिसच्या पायऱ्या लिहा’ हा प्रश्न हवा तर ठेवावा, पण त्याला जोडून लाल पेशीत तंतुकणिका नसल्याचा तिच्या ऊर्जेवर काय परिणाम होतो, किंवा रेफ्युजीच्या ओळी न लावल्यास पाच हंगामांत अळीच्या संख्येत कोणता बदल अपेक्षित आहे, असा एक प्रश्न सक्तीचा करावा आणि त्याला किमान तेवढेच गुण द्यावेत. ‘अळीने जुळवून घेतले’ या उत्तराला मात्र गुण देऊ नयेत, आणि का दिले नाहीत ते उत्तरपत्रिकेवर लिहावे.